दहावी-बारावी राहून गेली? आमच्याकडे सारखे येणारे प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या व्हरांड्यात आम्ही तिघेचौघे टेबल टाकून बसतो आणि शिक्षण अर्धवट सुटलेल्यांचे फॉर्म भरायला मदत करतो. घरकाम करणाऱ्या बायका येतात, रिक्षावाले येतात, नववीत शाळा सोडलेली पोरं येतात. अधूनमधून असं एखादं कुटुंब येतं, ज्यांचा देशच मागे राहिलाय. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते इथे उतरवून ठेवले. तारखा आणि शुल्क दरवर्षी बदलतं. ते चालू वर्षाच्या सूचनेतच बघा.

१. दहावी न करताच शाळा सुटली. आता कुठले मार्ग आहेत?

महाराष्ट्रात मुख्य मार्ग चार. राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म (प्रश्न २), एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (प्रश्न ३), महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ (प्रश्न ५) आणि रात्रशाळा (प्रश्न ६). आयटीआयवरून जाणारी एक आडवाटही आहे, ती प्रश्न ११ मध्ये. सगळ्यात सोपा कुठला, हे बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात. आम्ही उलट विचारतो: दहावी झाल्यावर काय करायचंय, आणि हातात कागद कुठले आहेत? मार्ग या दोन उत्तरांवरून ठरतो. अभ्यासापेक्षा कागदावर अडलेली माणसं आम्ही जास्त पाहिली आहेत.

२. १७ नंबर फॉर्म म्हणजे नक्की काय?

शाळेत न जाता, खाजगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाच्या दहावी किंवा बारावीच्या परीक्षेला बसण्यासाठी केलेली नोंदणी. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरतात. भरताना एक संपर्क शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय निवडावं लागतं आणि कागदपत्रं तिथे नेऊन द्यावी लागतात. मूळ शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो लागतात. मूळ दाखला नसेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. दहावीसाठी किमान पाचवी उत्तीर्ण असावं लागतं.

पेपर नियमित मुलांचेच, गुणपत्रिकाही मंडळाचीच, उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के. तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत गुण संपर्क शाळेतून येतात, त्यामुळे तिथल्या शिक्षकांना वर्षातून दोनचारदा तरी भेटा. फॉर्म भरला आणि थेट मार्चमध्ये उगवले, असं करणाऱ्यांचे हे हक्काचे गुण हकनाक जातात.

एक अट लोकांच्या लक्षात येत नाही. शाळेच्या पटावर नाव असेपर्यंत हा फॉर्म भरता येत नाही, कारण मूळ दाखलाच हातात नसतो. नववीतल्या मुलाचा दाखला काढून त्याला १७ नंबरला बसवायचा विचार असेल, तर आधी वर्गशिक्षकांशी बोला. दाखला घाईत काढला जातो, मुलगा वर्षभर घरी बसतो आणि पुस्तक उघडतच नाही, असं वारंवार होतं.

३. एनआयओएसचं प्रमाणपत्र खरंच चालतं का? की ते ‘तसलं’ बोर्ड आहे?

चालतं. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखालची ही स्वायत्त संस्था आहे. १९७९ मध्ये सीबीएसईचा एक प्रकल्प म्हणून मुक्त शाळा सुरू झाली, १९८९ मध्ये तिची स्वतंत्र संस्था झाली आणि २००२ मध्ये आजचं नाव मिळालं. मुख्यालय नोएडाला आहे, प्रादेशिक केंद्र पुण्यातही आहे. दहावीसाठी किमान वय १४, बारावीसाठी १५. वरची मर्यादा नाही.

किमान पाच विषय घ्यायचे, त्यांत एक किंवा दोन भाषा. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि तेवढ्या काळात सार्वजनिक परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सुटलेला विषय सुटलाच, तो पुन्हा द्यावा लागत नाही. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. शिवाय ठरावीक केंद्रांवर ‘मागणीनुसार परीक्षा’ देता येते. दहावीला मराठी माध्यम आहे. बारावीचं माध्यम मात्र फॉर्म भरण्याआधी तपासा, नाहीतर पुस्तकं हातात पडल्यावर धक्का बसतो.

४. मग १७ नंबर घेऊ की एनआयओएस?

सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नात जातो. आमचं मत सरळ सांगतो, पटलं तर घ्या.

वय विशी-पंचविशीच्या आत, पाचवी-सातवीपर्यंतचा अभ्यास बरा झालेला, गणित-विज्ञानाची भीती नाही आणि पुढे महाराष्ट्रातच अकरावी, डिप्लोमा किंवा भरती करायची आहे: १७ नंबर घ्या. पुस्तकं कुठेही मिळतात, शेजारची दहावीतली पोरगी शिकवू शकते, क्लासही तोच. ही सोय लहान वाटते, पण एकट्याने अभ्यास करणाऱ्याला तोच आधार.

घरात लहान मूल, पाळीची नोकरी, पंधरा वर्षं वही हातात नाही, एका दमात सगळे विषय झेपणार नाहीत: एनआयओएस. दोन विषय आता, दोन सहा महिन्यांनी, उरलेला पुढच्या वर्षी. आमच्याकडे आलेल्या एका ताईंनी साडेतीन वर्षांत दहावी केली. स्वयंपाकाची चार घरं सांभाळून. १७ नंबरला त्या पहिल्याच वर्षी नापास होऊन घरी बसल्या असत्या, असं त्या स्वतःच म्हणतात.

१७ नंबरला नापास झालं तर सगळं संपतं असं मात्र नाही. राहिलेल्या विषयांपुरतं पुनर्परीक्षार्थी म्हणून बसता येतं, पुरवणी परीक्षाही असते.

५. मी चौथीच शिकलोय. माझी बायको तर शाळेतच गेली नाही. आम्हाला काही आहे का?

आहे. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्याही परीक्षा घेतं. पाचवीसाठी वयाची दहा वर्षं, आठवीसाठी तेरा वर्षं पूर्ण असावी लागतात. एनआयओएसच्या मुक्त मूलभूत शिक्षणात अ, ब, क असे तीन स्तर आहेत, ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष. पाचवी झाली की १७ नंबरची अट सुटते. तरीही आम्ही आठवीपर्यंत थांबायला सांगतो. पाचवीवरून थेट दहावीचं बीजगणित म्हणजे शिडीच्या मधल्या पायऱ्या काढून माळ्यावर चढणं.

६. रात्रशाळा अजून चालू आहेत का?

आहेत, मुंबई-पुण्यात मुख्यतः. पुण्यात सरस्वती मंदिर संस्थेचं पूना नाईट हायस्कूल जुनं आणि नावाजलेलं. मुंबईतल्या रात्रशाळांना पुस्तकं, प्रयोगशाळा आणि संध्याकाळचा खाऊ पुरवण्याचं काम ‘मासूम’ ही संस्था २००८ पासून करते आहे. खाऊची थट्टा करू नका. दिवसभर हमाली करून साडेसहाला वर्गात बसलेल्या पोराच्या पोटात काय आहे, यावर तो साडेनऊपर्यंत जागा राहील की नाही हे ठरतं. रात्रशाळेतला विद्यार्थी नियमित समजला जातो, त्याला १७ नंबर भरावा लागत नाही. घराजवळ रात्रशाळा असेल तर आमचा पहिला कौल तिलाच, कारण समोर माणूस असतो.

७. दाखला हरवलाय. शाळा तर बंदच पडली. आता?

घाबरू नका. शाळेचं जनरल रजिस्टर हा कायम जपायचा दस्तऐवज आहे. तुमचं नाव, जन्मतारीख, प्रवेश आणि शाळा सोडल्याची नोंद त्यातच असते, दाखला म्हणजे त्या ओळीची नक्कल. शाळा चालू असेल तर मुख्याध्यापकांकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा. शाळा बंद झाली असेल तर तिचं दप्तर कुठे गेलं हे पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. शहरात असाल तर महापालिकेच्या शिक्षण विभागात. साल नक्की आठवत नसेल तर बरोबर शिकलेल्या, दाखला असलेल्या भावंडाचा किंवा मित्राचा दाखला सोबत न्या. रजिस्टर चाळणाऱ्याचं काम सोपं होतं आणि त्याची कुरकुरही कमी होते.

अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलेल्या गोष्टीला ‘उद्या या’ हेच उत्तर मिळतं. एका शाळेत मी स्वतः पाच वेळा ‘उद्या’ गेलो. सहाव्या वेळी शिक्क्याची पोच मागितली, तेव्हा रजिस्टर दहा मिनिटांत सापडलं.

दाखल्यावरची जन्मतारीख आणि आधारवरची जन्मतारीख वेगळी असेल तर ती आत्ताच जुळवून घ्या. दहावीच्या प्रमाणपत्रावर एकदा चुकीची तारीख छापली गेली की पुढे पासपोर्ट, पेन्शन, सगळीकडे ती आडवी येते.

८. लग्नानंतर नाव बदललं. फॉर्मवर माहेरचं लिहू की सासरचं?

दाखल्यावर आहे तेच. मंडळ दाखल्याप्रमाणेच नाव घेतं. आधारवर सासरचं नाव असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलाचं राजपत्र जोडून दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवावं लागतं. सासरच्यांना वाईट वाटेल म्हणून दाखल्यातलंच नाव बदलायला निघालेल्या बायका आम्ही पाहिल्यात. त्यात एक अख्खं वर्ष जातं. नका करू.

९. गणित अजिबात जमत नाही. गणिताशिवाय दहावी होते का?

एनआयओएसमध्ये होते. तिथे गणित सक्तीचं नाही, त्याऐवजी गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री असे विषय घेता येतात. पण आयटीआयचे अनेक ट्रेड गणित-विज्ञान मागतात, त्यामुळे पुढचा दरवाजा पाहूनच विषय सोडा. परदेशी कामाला जायचं म्हणून दहावी हवी असेल, तर मात्र गणिताशी झुंजायची गरज नाही. दहावी उत्तीर्ण असाल तर पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट लागत नाही, विषय कुठलेही असोत.

१०. दहावी आणि बारावी एकाच वर्षात करून देतो असं एक क्लासवाले म्हणतात. खरं आहे का?

नाही. दहावी आणि बारावी यांच्यात दोन वर्षांचं अंतर लागतं, राज्य मंडळातही आणि एनआयओएसमध्येही. ‘घरबसल्या पास’, ‘परीक्षेला बसायची गरज नाही’, ‘मागच्या तारखेची मार्कशीट’ असं कोणी म्हणालं की उठून निघून या. अशा मार्कशीटचं मंडळ बहुतेकदा मान्यताप्राप्त नसतं. काही वर्षांनी नोकरीत पडताळणी झाली की नोकरी जाते आणि गुन्हाही दाखल होतो. देशातल्या मान्य शालेय मंडळांची यादी त्यांच्या परिषदेकडे, म्हणजे कॉब्सेकडे, असते. पैसे देण्याआधी मंडळाचं नाव तिथे शोधा. फॉर्म शक्यतो स्वतः भरा, ओटीपी स्वतःच्या मोबाइलवर येऊ द्या. एजंटाचा नंबर टाकलेल्यांना नंतर स्वतःचं हॉलतिकीटसुद्धा विकत घ्यावं लागलं आहे.

११. आठवीनंतर आयटीआय केलं. मला पुन्हा दहावी द्यावी लागेल का?

सगळी नाही. आठवीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला असेल तर राज्य मंडळाकडून भाषा विषयांची परीक्षा देऊन दहावीची समकक्षता मिळवता येते. दहावीनंतरच्या दोन वर्षांच्या ट्रेडला तशीच बारावीची. या सवलतीची माहिती कित्येक आयटीआयवाल्यांना नसते आणि ते बिचारे पुन्हा सहा-सहा विषय घोकत बसतात. आधी आयटीआयच्या प्राचार्यांना विचारा.

१२. राज्य मंडळाच्या दहावीत तीन विषय सुटले, बाकी राहिले. सुटलेले वाया जातात का?

राज्य मंडळातच पुढे गेलात तर नाही, राहिलेलेच द्यायचे. एनआयओएसकडे वळलात तर मान्य मंडळातल्या दोन विषयांपर्यंतचे गुण वर्ग करून घेता येतात. प्रवेश घेतानाच ते मागा. आणि एक किंवा दोनच विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, हेही लक्षात ठेवा.

१३. बारावी न करता मुक्त विद्यापीठातून बीए होतं ना?

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमावरून हजारो लोक पदवीला गेले. पण पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. बारावी मागणाऱ्या भरतीत, उदाहरणार्थ पोलीस शिपाई किंवा अंगणवाडी सेविका, ती चालत नाही. बारावीचा पाया नसलेल्या पदवीवरून नोकरीत वाद झाले आहेत, प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. शिकण्याच्या आनंदासाठी जरूर करा. नोकरीसाठी करायचं असेल तर आधी बारावी उरका.

१४. आम्ही ऊसतोडणीला जातो. मुलगी आठवीत आहे, पाच-सहा महिने शाळा बुडते.

टोळीबरोबर निघण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत तिला बसता येतं आणि परत आल्यावर गावच्या शाळेत ती पटावरच असते. आजी-आजोबा किंवा नातेवाईक गावात असतील तर हंगामी वसतिगृहाच्या सोयीबद्दल मुख्याध्यापकांना विचारा. मुलगी मोठी झाली, तिला १७ नंबरला बसवू, असा विचार आत्ताच करू नका. फडावर कोयता, पाणी आणि धाकटी भावंडं यांतून अभ्यासाला वेळ उरत नाही, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

१५. आमच्या सोसायटीत काम करणारं एक कुटुंब दुसऱ्या देशातून जीव वाचवून आलंय. त्यांची मुलं इथल्या शाळेत जाऊ शकतात का?

सहा ते चौदा वयाची असतील तर शिक्षण हक्क कायदा प्रत्येक बालकाबद्दल बोलतो. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयानुरूप वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, असं त्यात आहे. अशा पद्धतीने दाखल झालेलं मूल चौदा पूर्ण झाल्यावरही आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं करू शकतं. रोहिंग्या मुलांच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलांनी आधी सरकारी शाळेत प्रवेश मागावा, नाकारला तर उच्च न्यायालयात जावं.

तरीही अडचण येते. निर्वासितांसंबंधीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कोण कुठून आला यावर कागद बदलतो. तिबेटींकडे सरकारने दिलेलं नोंदणी प्रमाणपत्र असतं. आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात त्यांची नोर्गेलिंग ही वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. अफगाण, म्यानमारचे चिन किंवा रोहिंग्या यांच्याकडे बहुधा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचं, म्हणजे यूएनएचसीआरचं कार्ड असतं. शाळेतल्या कारकुनाने ते कार्ड जन्मात पाहिलेलं नसतं. म्हणून कुटुंबाला एकटं पाठवू नका, बरोबर जा.

आणि कोणी ‘बाहेरचे’ म्हणून नाक मुरडलं तर उल्हासनगरकडे बोट दाखवा. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या लष्करी छावणीत आले होते. गडचिरोली-चंद्रपूरकडची बंगाली गावं पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांनी वसवली. त्यांची नातवंडं आज आपल्याच मंडळाची दहावी देतात.

१६. निर्वासित मुलगा सतरा वर्षांचा आहे, आधार नाही, जुने कागद नाहीत. त्याचं काय?

खरं अवघड प्रकरण हेच. चौदाच्या पुढे शिक्षण हक्क कायद्याचा आधार संपतो, १७ नंबरला इथला दाखला आणि आधार लागतं, मोठ्या मुलाला शाळा नववीत घ्यायला बिचकतात. अशा मुलांसाठी एनआयओएस हाच त्यातल्या त्यात उघडा दरवाजा. तिथेही ओळखीचा आणि जन्मतारखेचा पुरावा मागतात. यूएनएचसीआरचं कार्ड चालेल का, हे प्रादेशिक केंद्राला लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. कोणाच्या तरी आधारवर फॉर्म भरायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. त्याचे परिणाम निर्वासित कुटुंबाला आपल्यापेक्षा फार जड जातात.

दिल्लीत यूएनएचसीआरचं कार्यालय आहे आणि बॉस्को ही संस्था त्यांच्या वतीने निर्वासित मुलांच्या शिक्षणाचं काम करते, पहिला फोन तिकडे करायला सांगा. मधल्या काळात मुलाला हिंदी किंवा मराठी आणि इंग्रजी वाचता येईल एवढं बघा. गणित बहुधा त्याला येतंच, प्रश्नाची भाषा येत नसते.

१७. परदेशातल्या शाळेची दहावी-बारावी झालेली असेल तर इथे धरतात का?

धरतात, समकक्षता घेतल्यावर. अकरावीसाठी राज्य मंडळाच्या विभागीय कार्यालयात विचारावं लागतं. अशी नऊ कार्यालयं आहेत: पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, अमरावती, नाशिक, लातूर आणि कोकण. बारावी झालेली असून पदवीला जायचं असेल तरही समकक्षता दाखला लागतो. मूळ गुणपत्रिका युद्धात गेली असेल तर प्रश्न १६ प्रमाणे खालून सुरुवात करणं कधी कधी जास्त लवकर होतं. ऐकायला वाईट आहे, पण कागदाची वाट पाहण्यात मुलांची वर्षं जातात.

१८. एनआयओएसची बारावी करून ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा देता येते का?

येते. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेशातून वगळणारा नियम होता. त्यावरून बरीच वर्षं न्यायालयात भांडण चाललं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मान्य मुक्त विद्यालयांच्या विद्यार्थ्यांची वाट मोकळी झाली. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय मात्र घेतलेले हवेत.

१९. बहीण लग्न होऊन अमेरिकेला गेली. तिची बारावी राहिली होती. ती काय करू शकेल?

तिथे जीईडी नावाची परीक्षा आहे: गणित, भाषा, विज्ञान आणि सामाजिक अभ्यास असे चार पेपर, प्रत्येकात २०० पैकी किमान १४५. कम्युनिटी कॉलेजांत प्रौढांसाठी तयारीचे वर्ग चालतात, तिथेच निर्वासित म्हणून आलेले लोकही भेटतात. पण ती परत भारतात येऊन पदवी करणार असेल तर इथल्या बारावीचा विचार आधी करावा, प्रश्न १७ मधली समकक्षता तिलाही लागेल.

२०. शनिवारी येताना काय आणू?

दाखला, आधार, दोन फोटो, चालू असलेला मोबाइल आणि त्याचा चार्जर. दाखला नसेल तर शाळेचं नाव, गाव, तालुका आणि आठवेल ते साल. गुणपत्रिका कितीही वाईट असली तरी घेऊन या, नापासाची सुद्धा, त्यातला एखादा सुटलेला विषय प्रश्न १२ प्रमाणे कामी येतो. मूळ कागद लॅमिनेट करून आणू नका, शिक्का मारता येत नाही. साडेपाचला सुरू करतो, लाइट असेपर्यंत बसतो.